होडीचा वाटा

आम्ही पायऱ्यांवरून उठलो आणि माळ्याने तिथे फिनेल ओतलं.

आम्ही अजून फाटकापर्यंतही पोचलो नव्हतो. मी, माझी थोरली बहीण जानकी आणि तिचा नवरा गोविंद. आधी वास आला. मागे वळून पाहिलं तर माळी खराट्याने पायऱ्या घासत होता. नेमक्या आम्ही बसलो होतो त्याच. वर व्हरांड्यात शेठ खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि बशीत चहा ओतला. त्यांना लपवायचं काही नव्हतं.

गोविंदने उजवा हात बाहीत ओढून घेतला. हात म्हणजे मनगट. त्यापुढे काही उरलं नव्हतं.

मी काय केलं? मी बहिणीला म्हटलं, "चल बाय, ऊन वाढतंय."

त्या दिवशी सकाळीही मी असाच वागलो होतो. जानकी मासळी विकायची. झाईहून डहाणूला येताना ती टोपली घेऊनच निघाली. परत जाताना बाजार करून जाऊ म्हणाली. शेठच्या कुंपणापाशी आल्यावर मी तिला टोपली बाहेर, चिंचेखाली ठेवायला लावली. गोविंदला साबणाने आंघोळ करायला लावली होती. स्वतः धुतलेला सदरा घातला होता. म्हणजे फिनेल ओतायच्या आधीच मी आम्हाला धुऊन काढलं होतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा टोपलीवर कावळे बसले होते.

शेठच्या डहाणूला चिकूच्या वाड्या होत्या. शिवाय ते आफ्रिकेतल्या मोंबासाच्या एका बोटकंपनीला आमच्या किनाऱ्यावरची माणसं पुरवत. आम्ही विचारायला गेलो होतो ते एवढंच, की हात कंपनीच्या कामावर गेला, आता पुढे काय.

"पुढचं मला काय विचारता?" शेठ म्हणाले. "मी मालक थोडाच आहे? मी माणसं पाठवतो. मालक तिकडे, मोंबासात."

"तिकडच्या साहेबाने तुमच्याकडे धाडलं, शेठ," मी म्हटलं.

"मग परत तिकडे जाऊन विचार. पोहत जा. तुम्ही तर दर्याचे लोक."

शेजारी बसलेले दोघे हसले. मग शेठ जानकीला म्हणाले, "आणि बाई, तू जरा खालच्या पायरीवर सरक. वारा इकडचा आहे."

ती सरकली. मी बघत बसलो.

आता मागचं सांगायला हवं. आम्ही मोंबासाला गेलो ते महाराष्ट्र-गुजरातची हद्द पडायच्या बऱ्याच आधी, मुंबई राज्य एकच होतं तेव्हा. झाई आणि वरोरचे आम्ही काही जण. सगळे होडीवर वाढलेले. मी सातवी पास होतो म्हणून शेठ माझ्याशी जरा निराळं बोलत. निघायच्या आधी त्यांनी आम्हाला अंगणात उभं करून सांगितलं, की तिकडे पगारातून डोईपट्टी कापतात, टॅक्स. त्यावर कुरकुर करायची नाही. कोणीतरी विचारलं, आमच्या कष्टातलं का कापतात? शेठ हसून म्हणाले, "अरे, होडीचा वाटा निघतो ना तुमच्यात? तसंच समजा."

शेठना आमची रीत चांगली ठाऊक होती. आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की वाळूवर मासळीचे वाटे पडतात. पहिला होडीचा, मग जाळ्यांचा, मग माणसांचा. होडीच्या वाट्याला कोणी नाही म्हणत नाही. कारण खलाशी आजारी पडला, त्याला दर्यात काही झालं, तर त्याच्या घरची टोपली त्या वाट्यातून भरते. ज्याने होडीचा वाटा दिला त्याचा होडीवर हक्क असतो. हे कोणी कुठे लिहिलेलं नाही. लहानपणापासून बघितलेलं असतं.

म्हणून आम्हाला ते पटलं. मला तर इतकं पटलं की तिकडे गेल्यावर मीच ते सगळ्यांना सांगत सुटलो. वरोरचा धर्मा एकदा पगाराच्या दिवशी चिडला. म्हणाला, "गोऱ्या इंजिनवाल्याला पंखा, पलंग. आपण लोखंडावर झोपायचं आणि वर यांना डोईपट्टी?" मी त्याला गप्प केलं. म्हटलं, "होडीचा वाटा आहे तो. उद्या तुला काही झालं तर कंपनी बघेल." धर्मा गप्प बसला. शिकलेला माणूस सांगतोय म्हणून बसला.

बंदरात मोठ्या बोटींना ओढून धक्क्याला लावायचं आमचं काम. तारेचा जाड दोर यंत्रावर गुंडाळायचा. एका दुपारी दोर अडकला. साहेब वरून ओरडला, यंत्र बंद न करता सोडव. गोविंदने हात घातला.

इस्पितळातून तो बाहेर आला तेव्हा साहेबाने मला बोलावलं. बोलणं माझ्यामार्फत व्हायचं. गोविंद शांत होता. मला म्हणाला, "साहेबाला सांग, होडीवर आता जमणार नाही. आपल्या वाट्याचं काय ते बघा म्हणावं." त्याचा तेवढा विश्वास होता. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. साहेबाला आधी कळेना. मग कळलं तसा तो हसला आणि टेबलापलीकडच्या दुसऱ्या साहेबाला ऐकवलं. तोही हसला. मग म्हणाला, "तुमच्या शेठने तुम्हाला पाठवलं. तो बघेल." पहिल्याच बोटीने गोविंदला मुंबईला रवाना केलं.

बोट सुटल्यावर बंदराच्या कचेरीतला गोव्याचा हेडक्लार्क मला भेटला. बरा माणूस होता. तो म्हणाला, "अरे, इथल्या कायद्यात भरपाई आहे. पण मागायची ती इथे, माणूस इथे असताना. म्हणूनच तर त्याला एवढ्या घाईने बोटीत बसवला."

मी विचारलं, "आणि आम्ही डोईपट्टी देतो ती?"

"ती सरकारची. कंपनीचा तिच्याशी काही संबंध नाही. तुझ्या मेहुण्याच्या हाताचाही नाही. तुला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही. शेठने एकदा सांगितलं होतं. मी रोज सांगत होतो.

करार संपला, मी घरी आलो, आणि मग ती फिनेलची सकाळ. त्यानंतर आम्ही मुंबईला एका सरकारी कचेरीतही गेलो. ते म्हणाले, काम परदेशात, मालक परदेशी, आमच्या हातात काही नाही. साहेब म्हणतो शेठ, शेठ म्हणतो साहेब, सरकार म्हणतं दोघेही आमचे नव्हेत. हात तेवढा आमचा.

मग शेठचा माणूस मला बोलवायला आला. एकट्याला. या वेळी मला व्हरांड्यात, वर बसवलं. चहा दिला. कप वेगळा होता, कान तुटका.

शेठ म्हणाले, "गोविंदचा हात बघून पोरं मोंबासाला जायला बिचकतायत. तू त्यांच्यातला आहेस, शिकलेला आहेस. गोविंद पिऊन कामावर होता एवढं सांग. आणि डोईपट्टीचं तू सांगत होतास तसंच सांग. या खेपेला तुला मुकादम करून पाठवतो."

मी नाही म्हणालो नाही. बघतो म्हणालो. आजही ते आठवलं की मान वर होत नाही. तुटक्या कानाचा कप मी दोन्ही हातांनी धरला होता आणि मला बरं वाटत होतं.

घरी जाण्याऐवजी किनाऱ्यावर गेलो. आमच्या गावच्या लक्ष्मण तांडेलची होडी नुकतीच लागली होती. वाटे पडत होते. मोंबासाला जाण्यापूर्वी गोविंद याच होडीवर होता. मध्ये इतकी वर्षं गेली होती. त्याने ही होडी सोडून कंपनीची वाट धरली होती, तेव्हा तांडेल रागावलाही होता. जानकी तिथे उभी होती, रिकामी टोपली काखेत. ती उधारीवर मासळी घ्यायला आली होती. गोविंद तिच्या मागे, हात बाहीत.

तांडेलने होडीच्या ढिगातून दोन्ही हातांनी मासळी उचलली आणि बाजूला नवा वाटा लावला.

"गोविंदा, टोपली लाव."

गोविंद म्हणाला, "तांडेल, मी काय दिलं या होडीला इतक्या वर्षांत? हात दुसरीकडे घालवला."

"आधी दिलंस ना? मग गप लाव. आणि तो हात काढ बाहेर. हात गेलाय, चोरी नाही केलीस."

बाकीचे खलाशी आपापले वाटे भरत होते. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यात बघण्यासारखं काही नव्हतंच त्यांच्या लेखी.

मी तिथेच वाळूत बसलो. शेठने आमच्या या वाळूवरची गोष्ट उचलून नेली होती आणि तिने आम्हाला बांधलं होतं. गाठ मी मारली होती. माझ्या तोंडून ती आपली वाटत होती म्हणून माणसं निमूट राहिली. आता मुकादम होऊन मी तीच गाठ दुसऱ्यांना मारायची. जानकीला मी शेठचं सगळं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "जा की. सांग त्यांना. मी पण येते ऐकायला."

माणसं निवडायच्या दिवशी शेठचं अंगण भरलं होतं. झाईची, वरोरची पोरं धुतलेले सदरे घालून आली होती. शेठ म्हणाले, "हां, सांग भाई. समजाव यांना नीट."

मी सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहिलो.

"गोविंद पिऊन नव्हता," मी म्हटलं. "यंत्र चालू ठेवून त्याला हात घालायला लावला. मी तिथे होतो. डोईपट्टी होडीचा वाटा नाही. ती तिथल्या सरकारची पट्टी आहे, ती द्यावी लागते, पण तिने होडीवर तुमचा हक्क लागत नाही. होडीचा वाटा म्हणून मीच सांगत होतो. ते खोटं होतं. तिथे हात गेला तर भरपाई तिथेच मागायची. बोटीत चढायला सांगितलं तरी मागितल्याशिवाय चढायचं नाही."

मग वरोरचा एक जण म्हणाला, "पण मागायची कोणाकडे? मालक कोण?"

"शेठना विचार."

"शेठ, मालक कोण?"

शेठ उठले. मला म्हणाले, "खाली उतर."

"मालक कोण ते सांगा. मग उतरतो."

"नालायका, तुला मी माणसांत आणला. उतर खाली, वास मारतोस."

तेव्हा जानकी फाटकातून आत आली. टोपली डोक्यावर. गर्दीतून सरळ वर आली, सगळ्यात वरच्या पायरीवर बसली आणि सुके बोंबील बाहेर काढून मांडायला लागली. "घ्या शेठ," ती म्हणाली, "वारा इकडचाच आहे. आज माळ्याला फिनेल जास्त लागेल."

पोरं हसली. शेठच्या अंगणात आमची माणसं हसलेली मी पहिल्यांदा ऐकली.

सगळेच परत गेले असं नाही. काही जण बोटीत चढले. त्यांच्या घरी चूल पेटायची होती, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण चढण्याआधी प्रत्येकाने तो प्रश्न विचारला. मला मात्र त्यानंतर डहाणूच्या कुठल्याही वाडीत काम मिळालं नाही. मी पुन्हा होडीवर गेलो. गोविंदला काहीच मिळालं नाही. साहेबाकडून नाही, शेठकडून नाही.

आता हद्द पडून काही वर्षं झाली. किनाऱ्यावरची पोरं प्रश्न विचारतात म्हणून शेठची जीप तलासरीकडे जाते. डोंगराकडची, भाताची आणि नागलीची शेती करणारी माणसं नेतात. दर्या न पाहिलेली. त्यांना होडीच्या वाट्याचं सांगत नाहीत. त्यांच्याच घरातलं दुसरं काहीतरी शोधून काढतात.

म्हणून मी आणि गोविंद तलासरीच्या बाजाराला जातो. गोविंद आधी हात दाखवतो. मग मी बोलतो. मागच्या खेपेला एक म्हातारा वारली सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे वेठच की. दर्यातली." त्याने तरुणपणी जमीनदाराची वेठ केली होती आणि पुढे वारल्यांच्या उठावात ती झुगारूनही दिली होती. त्याला उदाहरण द्यावं लागलं नाही.

मी गोड बोलत नाही. रीतीच्या गोष्टी सांगत नाही. तीन गोष्टी विचारायला सांगतो. मालक कोण, पगारातलं कापलेलं कोणाकडे जातं, हात गेला तर कोण बघणार. जीपवाला आम्हाला धमकावून गेला आहे. पुन्हा बाजारात दिसलात तर दुसरा हातही जाईल, असं गोविंदला म्हणाला. गोविंदने त्याला विचारलं, "तुझा मालक कोण?"

मी चुकीचं सांगून माणसं बोटीत चढवली आहेत. ते माझ्या अंगावरून कुठल्या फिनेलने जाणार नाही. पण जोवर ती जीप तलासरीला येते तोवर मी तिच्या पायरीपाशी उभा राहणार. मालकाचं नाव ऐकल्याशिवाय तिच्यात एकही माणूस चढू देणार नाही.