सारवलेलं खळं

पाहुणा येणार म्हटलं की आधी मासळी लपवायची, ही आमच्या कोळीवाड्याची खोड. शेजारी टॉवर उभे राहिल्यापासून ती फारच वाढली. वास येतो म्हणून खिडक्या लावून घेणाऱ्यांपुढे आम्हालाच लाज वाटू लागली. नवी मुंबई त्यांची आणि वास आमचा, असा एकूण हिशोब.

म्हणून मामेभावाचा फोन आला तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. तो आमच्यातला पहिला इंजिनिअर. बेलापूरला एका सल्लागार कंपनीत होता, आणि ती कंपनी शहराचा विकास आराखडा बनवत होती. "पालिकेचे साहेब पाहणीला येतायत," तो म्हणाला. "खळं साफ ठेवा. वास नको. माझी इज्जत आहे."

खळं म्हणजे खाडीकाठची आमची मासळी वाळवायची जागा. सगळ्या गावाची, म्हणून कागदावर कुणाचीच नाही. मामा तरुणपणीच गेले. मामीने याच खळ्यावर जवळा, म्हणजे बारीक कोलंबी, सुकवून, तो वाशीला नेऊन विकून या लेकाला शिकवलं.

पाहणीच्या दिवशी सगळ्यात जास्त उत्साह तिलाच. बायकांनी बोंबील टांगायचे बांबू उपटले, जाळी देवळामागे नेऊन टाकली, खळं शेणाने सारवलं. मी कोपऱ्यात रांगोळीही काढली. साहेबांनी फोटो काढले, नारळपाणी प्यायले आणि गेले. मामी दिवसभर हसत होती.

आराखडा जाहीर झाला तेव्हा खळ्याच्या जागी 'मोकळी जमीन' असं लिहिलेलं होतं. तिथे बगीचा, सायकल ट्रॅक आणि पार्किंग होणार होतं. पर्यावरणपूरक किनारा म्हणे! उन्हावाऱ्यावर चालणारा, विजेचा दिवाही न लागणारा आमचा धंदा त्या पर्यावरणात काही बसला नव्हता. मी मामेभावाला फोन लावला. मला वाटलं होतं, त्यालाही धक्का बसला असेल.

"जागा वापरात दिसली असती तर आराखड्यातून वगळावी लागली असती. सगळा प्लॅन अडला असता," तो शांतपणे म्हणाला. "आई आता थकली. किती दिवस सुकट विकणार? तू टेन्शन घेऊ नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. याने केसाने गळा कापला होता, तोही आईकडूनच खळं सारवून घेऊन.

गावाने हरकत घेतली. सुनावणीत मामीने बोलायचं ठरलं, कारण खळ्यावर तिच्याइतकं कुणी राबलं नव्हतं. टेबलापलीकडे साहेबांच्या शेजारी मामेभाऊ मान खाली घालून बसला होता.

"आजी, तिथे मासळी वाळवता का?" साहेबांनी विचारलं. "पाहणीत तर जागा मोकळी होती. तुमचं म्हणणं खरं असेल, तर या इंजिनिअरांनी लिहिलेला पाहणीचा अहवाल खोटा ठरतो. मग यांच्यावर कारवाई करावी लागेल."

मामीने लेकाकडे पाहिलं. तेव्हाही त्याने मान वर केली नाही.

"आधी वालवायचो, साहेब," ती म्हणाली. "आता नाय."

वडीलधारी बाई बोलली की तिच्या शब्दावर आमच्याकडे कुणी शब्द काढत नाही. मी उठायला गेले तर मामीने माझं मनगट घट्ट धरून खाली बसवलं. बाहेर आल्यावर मी रस्त्यातच तिच्यावर ओरडले. मामेभावाचा आला नव्हता इतका राग मला तिचा आला होता.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन होतं. ओल्या जवळ्याची पाटी तिच्या दारात तशीच पडून होती, माश्या घोंगावत होत्या. खळ्यावर अजून कुणी कुंपण घातलं नव्हतं, कुणी अडवायलाही नव्हतं. मी पाटी उचलायला वाकले.

"ठेव ती," मामी म्हणाली. "आता वालवला तर माजा पोर खोटा ठरंल."