सुमनची बिनगव्हाची केळवणे

सुमनच्या केळवणांत तिच्या ताटावर पहारा ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि ते मी चोख बजावले, हे आरंभीच सांगून टाकते. सुमन माझ्या थोरल्या भावाची, दादांची मुलगी. ठाण्यापासून कल्याणपर्यंत नातेवाईक पसरलेले असावेत आणि ऐन केळवणांत नवरीने पोळी नाकारावी! मग किस्से इतके साचतात, की सांगायला बसले तर चहाचे आधण दोनदा ठेवावे लागते.

लहानपणापासून सुमनचे पोट बिघडलेले. हातापायांच्या काड्या आणि फळीवर टॉनिकच्या बाटल्या. पुढे, पन्नास सालानंतर, विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी तिला तपासले आणि सांगितले, "गहू बंद, सातू बंद. कणभरसुद्धा नको आणि कायमचाच नको." वर्ष-दोन वर्षांत मुलगी अशी भरली, की स्थळे सांगून येऊ लागली. कल्याणचे एक जुळलेही.

मात्र या पथ्याविषयी दादांनी कल्याणला अवाक्षर काढले नव्हते. "लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू," असे ते म्हणत. मला हे मुळीच पसंत नव्हते. पण मुलगी त्यांची. लग्नाच्या तोंडावर ती आजारी पडली, तर 'रोगी मुलगी गळ्यात मारली' असे म्हणून ती मंडळी लग्न मोडतील, या धास्तीने दादांची झोप उडाली होती. वहिनीला कोणालाही 'नाही' म्हणता येत नसे. मला येई; शाळेत मास्तरीण होते ना! म्हणून माझी नेमणूक झाली.

* * *

पहिले केळवण टेंभी नाक्याला, सुमनच्या मावशीकडे. आमच्याकडे रोजचा भात; पोळी सणाची आणि पाहुण्यांची. नवरीला नुसता भात वाढायचा म्हणजे मावशींना स्वतःचाच अपमान वाटत होता. तरी त्यांनी शब्द पाळला. पोळी केली नाही. त्यांनी शिरा केला!

"मावशी, हा रव्याचा आहे," मी म्हणाले.

"हो ना! चांगला तुपात भाजलाय."

"रवा कशाचा असतो?"

मावशी विचारात पडल्या. "अहो, रवा तो रवाच! गहू कसा तांबूस असतो. हा बघा, पांढराशुभ्र!"

"पण मुळात तो होतो कशापासून?"

"ते वाण्याला ठाऊक! मी काय त्याला विचारत बसते?"

शिरा परत गेला आणि त्याच्या जागी वाटी आली. वाटीत शेवयांची खीर होती!

* * *

खोपटला आमचे चुलतभाऊ, नाना. त्यांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता आणि स्वतःवर फार होता.

"एका घासाने काय होतं गं, सुमे?"

"तुम्हाला काहीच होत नाही, नानाकाका. मला आठवडाभर अंथरूण धरावं लागतं."

"सवय नाही म्हणून! रोज नखाएवढा तुकडा खा. शरीराला वळण लावावं लागतं."

"नाना," मी म्हटले, "तिचे शरीर माझ्या वर्गात नाही. असते, तर मीच वळण लावले असते."

नाना हट्टाला पेटले. "बरं, आज मीसुद्धा गहू सोडला! बघू या कसं पथ्य असतं ते." मग त्यांनी आंबेमोहोर भात, अळूची भाजी, ओल्या नारळाच्या वड्या आणि तांदळाची खीर यांचा असा समाचार घेतला, की काकूंना पुन्हा भात टाकावा लागला. शेवटी पाटावरून उठवेना, तेव्हा म्हणाले, "सुमे, तुझ्या या रोगावर औषध शोधू नकोस हो!"

* * *

डोंबिवलीच्या मामी मात्र अत्यंत काटेकोर. त्यांनी कणकेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, पोळपाट-लाटणे माळ्यावर टाकले आणि तळणीला नवे तेल काढले. भात, वरण, उकडीचे मोदक, सुरळीच्या वड्या. मी स्वयंपाकघराची तपासणी केली आणि पैकीच्या पैकी गुण दिले. सुमन पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. अंगावरचा रंग उतरला, पाण्याचा घोटही ठरेना. वहिनी रडू लागली. दादा एवढेच म्हणाले, "आता कल्याणला कळणार."

मी तडक डोंबिवली गाठली आणि मामींना स्वयंपाकघरात उभे करून एकेक पदार्थ विचारला.

"वरणात काय घातलेत?"

"डाळ, हळद, मीठ, गूळ आणि हिंग. वड्यांच्या फोडणीतही हिंगच. तिला काही बाधू नये म्हणून तो सढळ हाताने घातला."

"हिंगात काय असते?"

"त्यात काय असायचंय, ताई? हिंग, डिंक नि थोडी कणीक..." आणि मामींनी दोन्ही हातांनी तोंड झाकले.

* * *

सुमन उठून बसू लागली तोवर बातमी कल्याणला पोहोचली होती. तिकडून तिघे आले: सासूबाई, नवरदेव मधुकर आणि त्यांच्या सोवळ्यातल्या आजी. आजी आमच्या घरचे पाणीसुद्धा घेईनात. सासूबाईंनी मात्र येताना करंज्यांचा डबा आणला होता. मुलाच्या हातावर एक ठेवून त्यांनी दुसरी सुमनपुढे धरली.

"घे गं. माझ्या हातची आहे. पाहू दे मला, खातेस की नाही ते."

सुमनने वहिनीकडे पाहिले. वहिनी दादांकडे पाहू लागली आणि दादा जमिनीकडे. सुमनचा हात पुढे झाला. मी तो धरला.

"तिला गहू चालत नाही," मी म्हणाले. "आज नाही आणि उद्याही नाही. कधीच नाही. हे लग्न ठरतानाच सांगायला हवे होते. आता सांगते आहे."

करंजी तशीच हवेत राहिली. "म्हणजे सणालाही पोळी नाही?" सासूबाईंचा आवाज चढला. "आमच्या एवढ्या मोठ्या घरात हिचं वेगळं कोण करत बसणार?"

तेव्हा आजी प्रथमच बोलल्या. "गहू लागलेलं भांडं चालतं का गं हिला?"

"नाही. भांडे वेगळे, तवा वेगळा, तेलही वेगळे."

"आणि वाढणाऱ्याच्या हाताला कणीक असली तर?"

"हात धुऊनच वाढायला हवे."

आजींनी मांडी सावरली. "मग हे सोवळंच झालं की! गव्हाचं सोवळं." त्या सुनेकडे वळल्या. "इतकी वर्षं मी एकटी पाळत्येय. तुम्ही सगळी मागे हसता, ते काय मला कळत नाही? आता डॉक्टरानं सांगितलंय म्हटल्यावर हसा बघू!"

"अहो, पण लग्नात जिलबीचा घास..."

"साखरभाताचा देतील. आणि माझ्या चुलीवर मी भात आणि भाकरीच करत्ये. तिथेच ही जेवेल. पोरी, न शिवता वावरता येईल ना तुला?"

"येईल, आजी," सुमन म्हणाली. "मलाही सवय आहे."

"बघा! या घरात निदान एक तरी शहाणी येत्येय!"

तेव्हा ठरले ते असे: घास साखरभाताचा, सुमनचे जेवण आजींच्या चुलीवर आणि त्या चुलीपाशी गव्हाला मज्जाव. दादांनी कबूल केले आणि वहिनीने डोळे पुसले. सासूबाईंनी करंजी डब्यात ठेवली, झाकण लावले आणि "बरं," म्हणाल्या.

मधुकरने हातातली अर्धी करंजी खाली ठेवली, उठून मोरीवर गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.