भिंतीपर्यंत गेलात का?

"भिंतीपर्यंत गेलात का?"

युरोपची ट्रिप करून आलेल्या कुणालाही काकूंचा पहिला प्रश्न हाच असे. माणसानं अजून बॅगसुद्धा उघडलेली नसायची आणि काकू ओढणीला हात पुसत दारात हजर. दुबईत, अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना 'जर्मन काकू' म्हणत. लग्नानंतर काही वर्षं त्या काकांच्या नोकरीमुळे जर्मनीत, मोझेल नदीकाठच्या एका छोट्या गावात राहिल्या होत्या. तिथून दोघं दुबईला आली ती इथलीच झाली.

राहायचं एकीकडे आणि नांदायचं दुसरीकडे, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्हाला बाल्कनीतून समोरचं सुपरमार्केट दिसे, काकूंना नदी दिसे.

"पूल ओलांडलात की डावीकडे वेशीचा बुरूज. त्याच्या दाराशी बघा, पूर कुठवर चढला होता त्याच्या खुणा कोरल्यात. मग चौकातली लाकडी चौकटींची घरं. वर टेकडीवर पडका किल्ला. द्राक्षांच्या मळ्यात, अगदी उभ्या चढावर, सावलीवर चालणारं मोठं घड्याळ आहे. तिथून वर गेलं की छोटं चॅपल आणि त्याच्या मागं जुनी तटबंदी. भिंतीपर्यंत जा हं. भिंतीचा फोटो काढा."

लोक जात. बुरुजासमोर सेल्फी काढत, वाईन चाखत, किल्ला खालूनच बघत. भिंतीपर्यंत कुणी म्हणजे कुणी जात नसे. "गुडघे बोलायला लागले हो काकू," असं एक म्हणे. "द्राक्षं काय, आपल्या नाशिकला पण आहेत," असं दुसरा म्हणे. काकू हसून चहा टाकत. पण फोटो बघताना त्यांचं बोट भराभरा पुढं सरकत राही, आणि शेवटचा फोटो संपला की त्या एकदम म्हाताऱ्या दिसत. मला ते बघवत नसे.

गेल्या उन्हाळ्यात आमची ट्रिप ठरली. काका तेव्हा रिटायर होत होते आणि दोघं कायमची साताऱ्याला परतणार होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"तू तरी जा गं भिंतीपर्यंत. आता साताऱ्याहून कोण जाणारे?"

"जाईन की. पण तिथं एवढं आहे तरी काय?"

त्यांनी गॅस बंद केला. "माझा मुलगा आहे."

पाळण्यातलाच होता. तापानं गेला. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून भिंतीलगतच्या दफनभूमीत पुरला. तिथल्या रीतीप्रमाणे वर छोटा दगड बसवला.

"आपल्याकडे खूणसुद्धा ठेवत नाहीत गं. तिथं दगड मिळाला, मला केवढं बरं वाटलं. पण ह्यांचं म्हणणं, पुरून आलं की मागं वळून बघायचं नाही. परत कधी नेलं नाही मला. भिंतीत एक लोखंडी कडी आहे, तिच्या बरोब्बर खाली. दगड आहे ना, तेवढंच बघ."

मग मी कसली ट्रिप करते! गाव काकूंनी सांगितलं तसंच्या तसं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. पुराच्या खुणांवर हात फिरवताना काकू मागून बोलतायत असं वाटे. चौकात घंटा वाजणार हे मला वाजायच्या आधीच कळलं. मळ्यातून चढताना पायाखाली काळ्या दगडाच्या कपच्या करकरत होत्या. मागून आणखी कुणाची तरी छोटी पावलं येतायत असं वाटून मी थांबले.

"मम्मा, देअर्स नो वन," पुढं चालणारी माझी मुलगी म्हणाली.

भिंत होती. कडी होती. दगड नव्हता. शेजारी नीटनेटकी थडगी, त्यांच्यावर फुलं, आणि कडीखाली नुसता गवताचा हिरवा चौकोन.

एक आजी झारीनं फुलांना पाणी घालत होत्या. त्यांना विचारलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की इथं थडग्याला जागा ठराविक वर्षांसाठीच मिळते. घरच्यांनी मुदत वाढवली नाही तर दगड काढतात आणि गवत पेरतात. काकूंना वाटलं होतं, एकदा दगड बसला म्हणजे तो कायमचा. आपल्या कुणालाही तसंच वाटलं असतं. मला रडू आवरेना. मुलगी दमून त्या गवतावरच बसली होती. तिला उठवायचं भान मला राहिलं नाही, तसाच फोटो काढला.

परत आले तर काकूंकडे कार्गोची खोकी भरणं चाललं होतं. कसं सांगावं म्हणून मी हवापाण्याच्या गप्पा मारत बसले, तर मुलीनंच माझा फोन पुढं केला. "काकू, वी वेंट टू युअर वॉल!"

काकूंनी फोटो बोटांनी मोठा केला. कडीवरून बोट खाली आणलं.

"दगड?"

मग सांगावंच लागलं.

"म्हणजे खलास," एवढंच त्या म्हणाल्या.

काका खोक्याला टेप लावत होते. ते उठले, चष्मा शोधला, काकूंच्या हातातून फोन घेतला आणि बघत राहिले. इतकी वर्षं मागं वळून न बघितलेला माणूस. काकूंनी त्यांचा हात धरला.

"काकू, मी हिला नेमकं तिथंच बसू दिलं," मी म्हणाले.

"असू दे गं. बरं झालं. कुणीतरी टेकलं त्याच्याजवळ." मग त्यांनी मुलीला जवळ ओढलं. "पण तू अशी कडेला का बसलीस गं? सगळी जागा मोकळी होती की."

मुलीनं खांदे उडवले. "आय डोन्ट नो, काकू. आय जस्ट सॅट देअर."

काका-काकू साताऱ्याला गेले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब आहे, आणि युरोपहून येणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. तो फोटो मी पुसलेला नाही, पण एकटी असले की उघडत नाही. अख्खा चौकोन रिकामा आहे आणि माझी पोर अगदी कडेला अंग चोरून बसली आहे, बाकावर आधीच कुणी बसलेलं असलं की आपण बसतो तशी.