दादाला खोटं म्हटल्याबद्दल

सतराव्या शतकातले इंग्लंडमधले जमीनदार एकमेकांशी कशावरून भांडायचे, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. सिंगापूरच्या एका विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून मला त्याचा पगार मिळतो, हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही. चर्चमधल्या पुढच्या बाकावर कोणाची बायको बसणार, अरुंद रस्त्यात भिंतीकडच्या कोरड्या बाजूने कोण चालणार, कोणाचा आजा मेंढपाळ होता, असल्या गोष्टींवरून ही सुखवस्तू माणसं तलवारी काढत नाहीतर कोर्टात जात. त्यातही सगळ्यांत वाईट अपमान म्हणजे चारचौघांत समोरच्याला 'तू खोटं बोलतोस' म्हणणं. शब्द हीच खानदानी माणसाची पत. ती गेली की तो कोणीच नाही.

दिवसभर हे वाचून जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर परतल्यावर निदान घरात तरी या विषयाला सुट्टी असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

मागच्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला नवऱ्याच्या ऑफिसातली माणसं आली होती, त्याचा बॉससुद्धा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सेम्बावांगहून माझे चुलत दीर आणि जाऊबाई आल्या होत्या. दीर फार वर्षांपूर्वी शिपयार्डच्या नोकरीसाठी इथे आले, आता इथले नागरिक आहेत. आम्ही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवरच. पास रिन्यू करायची वेळ आली की मी अजून महिनाभर आधीपासून कागद जुळवत बसते. तर दीर हातात समोशाची प्लेट घेऊन त्या बॉसला म्हणाले, "ह्याला इथे मीच आणला. नाहीतर अजून हिंजवडीतच बसला असता."

नवरा केकसाठी काडेपेटी शोधत होता. तो वळून म्हणाला, "दादा, हे साफ खोटं आहे."

दिरांनी प्लेट टीपॉयवर ठेवली, जाऊबाईंना "चल" म्हणाले आणि बूट घालायला लागले. मी दारापर्यंत गेले. "भावोजी, केक तरी कापू दे," म्हटलं. ते म्हणाले, "खोटारड्या माणसाला कशाला केक?"

खरं काय होतं ते मला माहीत होतं. दिरांनी ओळखीच्या एका कंपनीत नवऱ्याचा सीव्ही दिला होता. तिथे काहीच झालं नाही. नोकरी लागली ती दुसऱ्याच ठिकाणी, याने स्वतः मुलाखती देऊन. पण घर मिळेपर्यंत तो राहिला दिरांच्याच हॉलमध्ये, आणि जेवला जाऊबाईंच्या हातचं. दोघांनी आपल्याला सोयीचं तेवढं अर्धं घट्ट धरून ठेवलं.

पाहुणे गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, बाजूला घेऊन सांगायचंस."

"तो बाजूला घेऊन बोलला का?"

"मोठे आहेत ते."

"मग मोठ्यासारखं वागावं. माझ्या बॉससमोर माझी लायकी काढली त्याने."

सोफ्यावर आडवी पडलेली लेक टॅबमधून डोकं न काढता शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, जस्ट से सॉरी, लाह." तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

पुढे कित्येक महिने हेच. दिवाळीला ते आले नाहीत, संक्रांतीला आम्ही गेलो नाही. शेवटी मी आणि जाऊबाई आमच्या स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, भेटलो आणि कॉफी पीत माफीचा मजकूर तयार करायला बसलो. माझ्या कागदपत्रांतल्या जमीनदारांचे मध्यस्थ हेच करत, एकेका शब्दावर घासाघीस. 'रागाच्या भरात बोललो' हे नवऱ्याला चालणार होतं. दिरांना 'चुकीचं बोललो' हवं होतं. नवऱ्याचं म्हणणं, चुकीचं कुठे होतं?

जाऊबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या गोऱ्यांचं कसं मिटायचं गं?"

"बऱ्याचदा मिटायचंच नाही, वहिनी. पोरं वाद पुढे चालवायची."

"मग हे शिकून तू काय मिळवलंस?"

 मी त्यांच्यासाठी आणखी एक कॉफी आणायला उठले.

मे महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या. काकूला घ्यायला दीर विमानतळावर येणारच, आणि नवराही हटणार नव्हता. तासभर दोघं रेलिंगच्या दोन टोकांना पाठमोरे उभे, मधोमध मी, लेक आणि जाऊबाई. सासूबाई बाहेर आल्या, तशी दोघांनी ट्रॉली धरली.

"काकू, सेम्बावांगला चल. खोली तयार आहे."

"आई आपल्या घरी येतेय."

सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं. "माझे पाय सुजलेत. तुमचं काय ते नंतर. आधी टॅक्सी बोलवा."

दोघांनी फोन काढले. साहजिकच दोन टॅक्स्या आल्या. सासूबाई जाऊबाईंचा हात धरून पहिल्या टॅक्सीत बसल्या, मला आणि लेकीलाही आत ओढलं आणि ड्रायव्हरला जुरोंग ईस्ट सांगायला लावलं. मागच्या काचेतून मला ते दोघे दिसत होते, मध्ये ट्रॉली, त्यावर बॅगा. दुसऱ्या टॅक्सीत बसण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

आमच्या पाठोपाठ ते पोचले. दिरांनी जड बॅग आत आणली, पंख्याखाली बसले आणि पाणी मागितलं. नवऱ्याने दिलं. मग दोघं सेम्बावांगच्या घरांच्या किमतींवर बोलत बसले, जणू मधलं वर्ष झालंच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. मला त्या दोघांना परत विमानतळावर सोडून यावंसं वाटलं.

दीर गेल्यावर मी विचारलं, "टॅक्सीत काय झालं?"

"काही नाही. दादाने माफी मागितली."

दुसऱ्या दिवशी मी जाऊबाईंना फोन केला. पलीकडे त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडे तर ह्यांनी सांगितलंय की तुझ्या नवऱ्याने मागितली."

आम्ही दोघींनी ठरवलं, याची शहानिशा करायची नाही. आता महिन्यातून एखाद्या रविवारी एकत्र जेवतो. जेवताना नोकरीचा विषय निघाला की जाऊबाई पोळ्या वाढायला उठतात आणि मी सगळ्यांना आमटी हवी का विचारते.