दोघांनी वेगवेगळे मोजायचे

समोर मासा आला की अंकलचा अंगठा आपोआप त्याच्या कल्ल्याखाली जायचा. मग तो आमच्या प्रयोगशाळेतल्या ट्रेमधला असो, सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या दुकानातला असो, नाहीतर कुणाच्या बार्बेक्यूला आणलेला असो. कल्ला उचलायचा, आत डोकवायचं आणि मगच तोंड उघडायचं. "वरून सगळे सारखेच दिसतात, बाय. आत बघावं लागतं."

मासे घेताना तुम्हीही कल्ला उघडून बघत असाल. लाल आहे म्हणजे ताजा आहे, एवढंच आपण बघतो. दुकानदाराचाही तोच समज. "अंकल, एकदम फ्रेश है," तो वैतागून सांगायचा.

"फ्रेश है वो तो दिखता है. किधर का है वो देख रहा हूँ."

मागे रांग वाढत जायची. त्या रांगेत मी कित्येकदा, आपण या गृहस्थांबरोबर आलेलोच नाही असा चेहरा करून उभी राहिले आहे.

अंकल वसईचे. आई बाजारात मासे विकायची, त्यामुळे हात लहानपणापासून माशांत. मी ठाण्याची. नवऱ्याच्या नोकरीमागून सिडनीला आले आणि प्राणिशास्त्राची पदवी घेऊन क्वेकर्स हिलच्या घरात भाजी चिरत बसले होते. माशांच्या त्या प्रयोगशाळेत मला काम मिळालं तेव्हा अंकलना तिथे वीसेक वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना "गुड मॉर्निंग" म्हणाले. सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता एक आवाज आला, "ठाणे की कल्याण?" मी गारच पडले. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीतून जायला लागले. जायला दीड तास, यायला दीड तास. इतका वेळ मी नवऱ्याशीही बोललेले नाही.

आमचं काम सांगायला सोपं होतं. इथे ज्याला ऑस्ट्रेलियन सॅल्मन म्हणतात तो मुळात सॅल्मनच नाही. जुन्या काळी आलेल्या गोऱ्या खलाशांना मायदेशातला मासा आठवला आणि त्यांनी नाव देऊन टाकलं. "घरची आठवण आली की माणूस कुणालाही काहीही म्हणतो," अंकल म्हणायचे. तर हा मासा दोन जातींचा. एक पूर्व किनाऱ्याचा, एक पश्चिमेचा. दक्षिणेकडच्या पाण्यात दोघे एकत्र फिरतात आणि एकाच जाळ्यात येतात. कोणत्या जातीचे किती मासे पकडले जातात ते कळलं नाही, तर एखादी जात गुपचूप संपून जायची. आणि दिसायला दोघे सख्खे भाऊ.

फरक कल्ल्याच्या आत. तिथे हाडाची कमान असते, तिच्यावर कंगव्यासारखे दाते असतात. डावीकडची पहिली कमान काढायची आणि दाते मोजायचे. एकतीसपर्यंत पश्चिमेचा, तेहतीसपासून पुढे पूर्वेचा. बत्तीस आले तर चहा पिऊन पुन्हा मोजायचे. कमानीच्या टोकांना दाते अगदी बारीक होत जातात, मोहरीएवढेसुद्धा नाहीत. खरी परीक्षा तिथे.

अंकल मराठीतच मोजायचे, ओठ हलवत. शेजारच्या टेबलावरचा ऑस्ट्रेलियन सहकारी एकदा म्हणाला, "मेट, तू माशासाठी प्रार्थना करतोस का?" अंकल म्हणाले, "नो वरीज, मेट. तुझ्यासाठी पण करीन." आणि थांबले होते तिथून नाही, परत एकपासून मोजायला लागले.

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक कमान दोघांनी मोजायची, वेगवेगळी. एकाने दुसऱ्याच्या कागदाकडे बघायचं नाही. हंगाम संपला की कागद शेजारी ठेवायचे आणि जिथे आकडे जुळणार नाहीत तिथे बाटलीत जपून ठेवलेली कमान काढून पुन्हा मोजायची. पहिली दोन वर्षं आमचे आकडे मधूनमधून जुळायचे नाहीत आणि दर वेळी चूक माझीच निघायची. अंकलना त्याचा कोण आनंद! "हे बघ, हा शेवटचा बारका. बाळच आहे बिचारं, पण मोजायचं त्यालाही."

तिसऱ्या वर्षी ईस्टरच्या सुमाराला एक कमान मला पस्तीस आली. खात्री वाटेना, म्हणून मी नियम मोडून त्यांच्या कागदाकडे चोरून पाहिलं. तिथे एकतीस. मी पुन्हा मोजले. पस्तीसच. दुसऱ्या कमानीला तेच, तिसरीला तेच. टोकाचे बारके दाते त्यांच्या हिशोबात येतच नव्हते.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. गाडी चालवताना "बोर्डावर काय लिहिलंय गं?" असं ते बऱ्याच दिवसांपासून विचारत होते. मला वाटायचं, मला बोलतं ठेवतायत. चहाचा कप टेबलावर ठेवण्याआधी डाव्या हाताने कड चाचपायचे. तुम्ही म्हणाल, सांगायचं ना सरळ. कसं सांगणार? वडिलांच्या वयाचा माणूस, ज्याने मला कमान धरायला शिकवली, त्याला मी कोणत्या तोंडाने "तुमचं चुकलं" म्हणणार होते? आपल्याकडे असं म्हणत नाहीत. मी माझा पस्तीस खोडला आणि एकतीस लिहिला.

मला ते प्रेम वाटलं. सगळा हिवाळा मी त्यांच्यावर असं प्रेम करत राहिले. पूर्वेचे मासे कागदावर पश्चिमेचे होत गेले आणि मी घरी येऊन शांत झोपत होते.

हंगामाच्या शेवटी कागद जुळवायचं काम त्यांच्याकडेच असायचं. मोठं भिंग घेऊन दोन दिवस बसले. त्या आर्वोला, म्हणजे दुपारी, घरी येताना म्हणाले, "आपले आकडे फारच जुळतात, बाय."

"चांगलंच आहे की."

"चांगलं नाही. दोन माणसांचं इतकं जुळत नाही. माझं माझ्या बायकोशी चाळीस वर्षांत जुळलं नाही."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी गाडी हळूच बाजूला घेतली आणि थांबवली.

"माझं बघून लिहितेस?"

मला रडू फुटलं. रडत रडत मी सगळं सांगितलं. पस्तीस, एकतीस, बारके दाते, सगळं. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते समोरच्या काचेतून बघत राहिले.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"म्हणजे ईस्टरपासून मी एकटाच मोजतोय," ते म्हणाले. "आणि मला वाटत होतं, तू आहेस. मी चुकलो तर धरायला तू आहेस, म्हणून मी निर्धास्त होतो गं."

इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. डोळ्यांचं त्यांना आधीपासून थोडं जाणवत होतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. रोज ठरवायचे डॉक्टरकडे जायचं. पण काही चुकलंच तर ते माझ्या आकड्यांवरून धरलं जाईल, या भरवशावर ढकलत राहिले.

घरापर्यंत गाडी मी चालवली. त्यांच्या गाडीची किल्ली त्यांनी मला दिली ती कायमचीच.

दुसऱ्या दिवशी ते सरळ आमच्या बॉस बाईंच्या खोलीत गेले आणि मला बरोबर नेलं. "माय काउंट्स आर राँग सिन्स ईस्टर," एवढंच म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यांनी नाही घेतलं म्हणून मलाच घ्यावं लागलं. बाईंनी हंगामाचा अहवाल थांबवला, ईस्टरपासूनच्या सगळ्या बाटल्या पुन्हा टेबलावर आल्या. शेजारचा सहकारी आणि मी, टेबलं दूर ओढून, सहा आठवडे मोजत होतो. अंकल बाटल्या उघडून द्यायचे, झाकणं लावायचे. वीसहून जास्त वर्षं ज्या खुर्चीवर बसले तिच्या मागे उभे राहायचे, पण तक्रार नाही. फक्त मला मोजताना घाई झाली की मागून घसा खाकरायचे.

डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षअखेर अंकल निवृत्त झाले आणि टूवूंबाला मुलीकडे राहायला गेले. तिथून समुद्र लांब. फोनवर म्हणायचे, "इथे पोरगी मासे आणते ते बिनडोक्याचे, पांढरे तुकडे. नातवंडं म्हणतात, आजोबा, इट्स जस्ट फिश." दर फोनला मी विचारायची, कसे आहात, आणि ते विचारायचे, बत्तीस किती आले? गेल्या वर्षी फोन आला तो मुलीचा. झोपेतच गेले म्हणाली. त्या दिवशी मी कामावर गेले आणि काहीही मोजलं नाही.

मला त्यांचा प्रयोगशाळेतला शेवटचा दिवस आठवतो. केक कापून झाला होता, मुलगी खाली गाडीत वाट बघत होती. अंकल परत आत आले आणि म्हणाले, "एक कमान लाव." मी लावली. ते खुर्चीत बसले, डोळा टेकवला, ओठ हलायला लागले. किती वेळ गेला कोण जाणे. मग उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले.

"आता तू."

मी मोजले. पुन्हा मोजले.

"माझे तीस," खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले. "तुझे?"

मी उगाच कमान सरळ करत राहिले. तोच माणूस, तीच मी.

"बोल ना, बाय. किती?"

"छत्तीस," मी म्हणाले. आणि मग म्हणाले, "तुमचं चुकलं, अंकल."

ते वळले. चेहरा असा उजळला होता, की त्यांना धडपणे दिसत नाही हे मी क्षणभर विसरले. "हां," ते म्हणाले, "आता आलीस."