विमलबाईंचा ‘कीप’

विमल गेल्याचं मला फोनवर कळलं. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंचा फोन होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, ती आपली… शेठने ठेवलेली. गेली म्हणे, तलासरीला.” मी विचारलं, “विमल?” “हो, तीच,” म्हणाल्या आणि भाचीच्या लग्नाकडे वळल्या. इतकी वर्षं एका टेबलावर डबे उघडले, पण विमलचं नाव काही त्यांच्या तोंडी आलं नाही.

डहाणूच्या त्या शाळेत विमल इंग्रजी शिकवायची, मी मराठी. आमच्या वर्गांमध्ये नुसतं लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे तिचा तास मला रोज ऐकू यायचा. एक क्रियापद घ्यायची आणि आठवडाभर त्यालाच धरून बसायची. मुलं पाड्यांवरून, किनाऱ्यावरून येणारी. उदाहरणं त्यांच्याच अंगणातली. ‘कीप’ म्हणजे ठेवणं; पण दिलेला शब्द पाळला तरी कीप, बकऱ्या पाळल्या तरी कीप, वाळत घातलेल्या बोंबलांची राखण केली तरी कीप. आणि दमल्यावरही चालत राहिलं, तर तेही कीपच.

तेव्हा ती मसोलीला एका चिकूच्या वाडीत राहायला लागली होती. वाडीच्या मालकांना सगळे शेठ म्हणत. त्यांची बायको मुलांना घेऊन कधीचीच वापीला माहेरी गेली होती, पण काडीमोड झाला नव्हता. गावाला तेवढं पुरलं. एके दिवशी विमलने ‘कीप’ची वाक्यं करायला सांगितली. शाळा समितीतल्या एका बड्या गृहस्थांची मुलगी उठली आणि गोड आवाजात म्हणाली, “शेठ कीप अवर टीचर.” वर्ग बाकं बडवून हसला. माझाही वर्ग हसला. ‘बाई ठेवणं’ म्हणजे काय, ते त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पलीकडून विमलचा आवाज आला, नेहमीसारखाच. “शेठ एकच आहेत ना? मग कीप नाही, कीप्स. एस लाव. पुन्हा म्हण.” मुलीने पुन्हा म्हटलं. अगदी शुद्ध.

मधल्या सुट्टीत हेडसर म्हणाले, “बाई, तुमची मुलं इंग्रजीत हुशार झाली हं!” स्टाफरूम हसली. विमलने डबा खाल्ला, धुतला, आणि पुढच्या तासाला गेली. पुढच्या वर्षीही तिने ‘कीप’ शिकवला. मी विचारलं, “गाळत का नाहीस?” तर म्हणाली, “शब्दाने काय केलंय?”

पुढे शेठना अर्धांगवायू झाला. त्यांना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं विमल करायची, आणि घर तिच्या पगारावर चालायचं. त्या वाक्यातला कर्ता कधीच बदलला होता, पण गावाने वाक्य तेच चालू ठेवलं. शेठ गेले तेव्हा वापीहून मुलगे आले. विमल उशाशी बसली होती. थोरला म्हणाला, “बेन, तुमी बाहेर बसा. आता घरचे आले.” ती उठली आणि वाडीतल्या एका झाडाखाली बसली. तिथूनच तिने तिरडी जाताना पाहिली. संध्याकाळी परत आलेल्या मुलग्यांनी घराला कुलूप घातलं. तिची पुस्तकं आत राहिली, ती तिला कधीच मिळाली नाहीत.

नंतर तिने तलासरीला खोली घेतली. मी चारोटीला बस बदलून कधीमधी जायची. शेवटच्या आजारपणात तिने एकदाच तो विषय काढला. “ती मुलगी मोठी झाली असेल ना गं… वाक्य अजून बरोबर करत असेल का?” मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही.

तिच्या दाराबाहेर शेठच्या चपलांचा जोड असायचा; वाडीतल्या घराला कुलूप लागलं तेव्हा तेवढाच बाहेर ओट्यावर राहिला होता. एकट्या बाईच्या दाराशी पुरुषाच्या चपला असाव्यात, असं ती सांगायची. पण रोज सकाळी त्या फडक्याने पुसायची आणि पुढची टोकं दाराकडे करून ठेवायची. ती गेल्यावर मी खोली आवरायला गेले तेव्हा चपला दिसल्या नाहीत. घरमालकीण म्हणाली, “त्या होय? ह्यांनी घातल्या. चांगल्या होत्या, वाया कशाला घालवायच्या?” तेवढ्यात तिचा नवरा पिशवी घेऊन बाहेर पडला. चपला त्याला मोठ्या होत होत्या. हायवेकडे जाताना त्या पावलागणिक फटाफट वाजत होत्या, आणि तो मजेत चालला होता.