शेजाऱ्यांची काउबॉय टोपी

जपानमधल्या नागोयातले आमचे म्हातारे शेजारी कचरा टाकायलासुद्धा काउबॉय टोपी घालून खाली येतात. बाटल्या आणि डबे वेगळे करताना अमेरिकन कंट्री गाणी गुणगुणतात: धुळीचा रस्ता, थकलेला घोडा, दारात उभी आई. मी दिसलो की म्हणतात, "गाव ते गाव हो!" स्वतः मात्र तरुणपणीच गाव सोडून आले.

यंदा भातलावणीला त्यांनी मलाही गावी नेलं. धाकटा भाऊ लावणीचं यंत्र चालवत होता. यांनी बांधावर बसून गिटार काढली. एक कडवं झालं नाही तोच भाऊ ओरडला, "दादा, पुरे! दिवसभर हेच डोळ्यांसमोर असतं, आता कानातही तेच?" आणि त्याने यंत्रावरचा स्पीकर मोठा केला. त्यावरच्या गाण्यात टोकियोचे दिवे, शेवटची ट्रेन, लिफ्टमध्ये दिसलेली मुलगी.

शेजारी खो खो हसले, टोपी भावाच्या डोक्यावर ठेवली आणि पँट दुमडून चिखलात उतरले.

परतताना गाडीत मी फोनवर जात्यावरच्या ओव्या लावल्या.

"तुमच्या गावच्या?" त्यांनी मान डोलवत विचारलं.

मी ठसक्यात "हो" म्हणालो. माझा जन्म पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरचा. जातं पाहिलंय ते एका हॉटेलात, शोभेला ठेवलेलं.